पॅनेल किती वाकेल? सँडविच रचनेतल्या एका आकड्याचा आढावा

एक मीटर गाळ्याचे, म्हणजे दोन टेकूंमध्ये एक मीटर अंतर असलेले, पॅनेल घेऊ. वर-खाली फायबरग्लासच्या २-२ मिलिमीटर जाड स्किन, मध्ये ३० मिलिमीटरचा हलका गाभा. समोरासमोरच्या दोन कडांना टेकू आणि अंगावर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण पाचशे किलोंचा सारखा पसरलेला भार. ते मध्यभागी किती वाकेल? तुळईचे पाठ असलेले सूत्र लावले तर उत्तर येते ३.२ मिलिमीटर. गाभा घनमीटरला ८० किलो घनतेच्या पीव्हीसी फोमचा असेल तर प्रत्यक्षात ते ३.९ मिलिमीटरच्या आसपास वाकते. त्याच जागी शीतगृहाच्या भिंतीत असतो तसला, ४० किलो घनतेचा पॉलियुरेथेन फोम भरला तर ९.३ मिलिमीटर. स्किन त्याच, जाडी तीच, भार तोच. छपरासाठी गाळ्याच्या दोनशेव्या भागाइतकी, म्हणजे इथे ५ मिलिमीटरची मर्यादा धरली, तर कागदावर दोन्ही पॅनेले पास होतात आणि जागेवर दुसरे नापास होते.

या तफावतीवर गेली शंभर वर्षे काम चालू आहे. त्यातून सिद्धांत निघाले, मानके निघाली, शेकडो शोधनिबंध निघाले. पण हे सगळे साहित्य चाळताना एक गोष्ट पुन्हापुन्हा जाणवते. अंदाज चुकतो तो सिद्धांत जुना म्हणून क्वचित. बहुतेक वेळा तो चुकतो सूत्रात घातलेल्या आकड्यांमुळे. गाभ्याचे शिअर मॉड्युलस, म्हणजे थर सरकण्याला होणाऱ्या त्याच्या विरोधाचा आकडा, कुठून आणले, टेकू कसले धरले आणि स्किन कशी घातली, यावर निकाल ठरतो.

आधी या रचनेची जादू. फायबरग्लासचे तेच ४ मिलिमीटर एकत्र घातले आणि मधला गाभा काढून टाकला, तर वाकण्याला होणारा विरोध सँडविचच्या सुमारे १९० पटींनी कमी भरतो. वजनाचा हिशेब पाहा: स्किनचे चौरस मीटरला सात किलोंच्या आसपास, फोमचे जेमतेम २.४ किलो. म्हणजे एक तृतीयांश वजन वाढवून ताठपणा १९० पट. याचे कारण, दोन स्किनमधल्या अंतराचा वर्ग त्या ताठपणात येतो. वरची स्किन दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि गाभा दोघींना एकमेकींपासून दूर धरून ठेवतो. (गाभा नसलेल्या ४ मिलिमीटरच्या पत्र्याला तेच सूत्र लावले तर ६० सेंटिमीटरहून जास्त वाक येतो. हा आकडा अर्थातच निरर्थक आहे. वाक जाडीच्या बरोबरीला येऊ लागला आणि कडा धरलेल्या असल्या की पत्रा ताणला जाऊन भार पेलतो आणि साधे सूत्र तिथेच संपते.)

स्किनचा स्वतःचा वाकण्याचा विरोध आणि गाभ्याचा तसाच वाटा हे दोन्ही आपल्या उदाहरणात मिळून एक टक्का भरतात. म्हणून बहुतेक जण ते सोडून देतात आणि ते योग्यच आहे. जे सोडून चालत नाही ते म्हणजे शिअर. जाड चोपडी दोन टोकांना धरून वाकवली की पाने एकमेकांवरून सरकतात; गाभ्यातले थर तसेच सरकू पाहतात. पोलादी तुळईत हे सरकणे नगण्य असते, कारण पोलादाचे शिअर मॉड्युलस सुमारे ८०,००० मेगापास्कल आहे. ८० किलोच्या पीव्हीसी फोमचे ते २७ च्या आसपास, आणि ४० किलोच्या पॉलियुरेथेनचे ३ ते ४. पोलादाच्या सवयीतून सँडविचकडे आलेला माणूस नेमका इथे ठेचकाळतो.

तेव्हा एकूण वाक म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज: बेंडिंगचा वाटा आणि शिअरचा वाटा. या दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. पसरलेल्या भाराखाली पहिला गाळ्याच्या चौथ्या घाताने वाढतो, दुसरा फक्त वर्गाने. पीव्हीसी फोमच्या आपल्या पॅनेलात १ मीटर गाळ्याला बेंडिंगचे ३.१८ मिलिमीटर आणि शिअरचे ०.६८, म्हणजे शिअरचा वाटा १८ टक्के. गाळा अर्धा केला की बेंडिंग ०.२० वर येते, शिअर ०.१७ वर, वाटा ४६ टक्के. आखूड गाळ्यात वाक एकूणच कमी असतो म्हणून या टक्केवारीकडे दुर्लक्ष होते. पण विमानाच्या फरशीची पॅनेले, बोटीच्या फ्रेम आणि स्ट्रिंगर यांच्यामधले चौकोन, यंत्रांची झाकणे हे सगळे आखूड गाळ्यांचेच जग आहे.

यातून एक खर्चिक गैरसमज निघतो. पॅनेल जास्त वाकते, मग स्किन कार्बनची करा, असे सर्रास सुचवले जाते. कार्बनच्या स्किनचे मॉड्युलस ६० गिगापास्कल धरले, म्हणजे काचेच्या २० च्या तिप्पट, तर १ मीटर गाळ्यात वाक ३.८६ वरून १.७४ वर येतो. तिप्पट ताठ स्किन, फायदा २.२ पट. अर्ध्या मीटरच्या गाळ्यात तो ०.३७ वरून ०.२४ वर, जेमतेम एक तृतीयांश कमी. बेंडिंगचा वाटा घटला आणि शिअरचा तसाच राहिला. पॉलियुरेथेनच्या गाभ्यावर कार्बन चढवणे म्हणजे तर पैसे फोममध्ये बुडवणे, तिथे ९.३ पैकी ६.१ मिलिमीटर शिअरचेच आहेत आणि स्किन बदलून त्यातला एक कणही हलत नाही. उलट त्याच जागी उभ्या रेषांचा बाल्सा घातला, त्याचे शिअर मॉड्युलस १५० मेगापास्कलच्या घरात, तर शिअरचा वाटा ०.१२ मिलिमीटरवर उतरतो. वजन अर्थात वाढते.

बाल्सावरून इतिहासाकडे वळू. दोन ताठ थरांना दूर ठेवण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातली आहे. विल्यम फेअरबेर्नच्या १८४९ च्या पुलांवरील पुस्तकात तिची खूण सापडते. पण ती उडाली ती डी हॅविलंड मॉस्किटोत. बर्चच्या प्लायमध्ये बाल्सा घातलेल्या या ब्रिटिश विमानाचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० ला झाले. तोवर गणिताची सुरुवात झाली होती, ती निराळ्या कामासाठी. स्टिफन तिमोशेन्कोने १९२१ मध्येच तुळईच्या कंपनात शिअर धरला होता. एरिक राइसनरने १९४५ मध्ये तो तक्त्यांत आणला, रेमंड मिंडलिनने १९५१ मध्ये आपल्या रीतीने मांडला. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने लाकूड आणि सँडविच यांवर चिकाटीने चाचण्या केल्या. सँडविच रचनेवरचे प्लांटेमाचे पुस्तक १९६६ मध्ये आले, एच. जी. ॲलनचे १९६९ मध्ये. आज हाताने हिशेब करणारा बहुतेक प्रत्येक जण ॲलनच्या खांद्यावर उभा असतो, मग त्याने ते पुस्तक पाहिलेले असो वा नसो. डॅन झेंकर्टच्या १९९५ च्या पुस्तकामागे स्वीडनचा नौदलाचा अनुभव आहे. कार्बनच्या स्किन आणि पीव्हीसी फोमचा गाभा असलेली, सुमारे ७३ मीटर लांबीची व्हिस्बी ही कॉर्व्हेट तिथलीच. आपल्याकडे गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या तारिणी या नौदलाच्या शिडाच्या बोटीचे अंग लाकडी गाभा आणि फायबरग्लास असेच आहे. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

यानंतरचा सिद्धांतांचा भाग थोडा आपल्या घरचा आहे. राइसनर-मिंडलिन पद्धतीत शिअर जाडीभर एकसारखा धरतात आणि चूक झाकायला एक दुरुस्तीचा गुणक लावतात. एन. जे. पगानोने १९७० मध्ये चौकोनी लॅमिनेट आणि सँडविच पॅनेलांची अचूक उत्तरे काढली. गाळा जाडीच्या चौपट असताना, दसपट, शंभरपट असताना काय होते याची ती कोष्टके पुढच्या प्रत्येक सिद्धांताची परीक्षा ठरली. जे. एन. रेड्डींनी १९८४ मध्ये तिसऱ्या घाताचा सिद्धांत दिला. त्यात गुणक लागत नाही. पवईच्या आयआयटीत तरुण कांत यांनी बी. एन. पंड्या यांच्यासह १९८८ मध्ये सँडविच तक्त्यांसाठी उच्च घातांचे सिद्धांत तपासले आणि २००२ मध्ये स्वामिनाथन यांच्यासह विश्लेषणात्मक उत्तरे प्रसिद्ध केली. घुगल आणि शिंपी यांनी २००१ मध्ये लॅमिनेटेड तुळयांच्या सुधारित शिअर सिद्धांतांचा आढावा घेतला. सय्यद आणि घुगल यांनी, म्हणजे कोपरगाव आणि कराडच्या महाविद्यालयांतून, २०१७ मध्ये लॅमिनेट आणि सँडविच तुळयांवरच्या साहित्याची मोठी झाडाझडती घेतली. या विषयावर जगात कुठेही लिहिणाऱ्याला महाराष्ट्रातली ही नावे टाळता येत नाहीत, आणि ही गोष्ट इथल्या कारखान्यांत मात्र फारशी कुणाला माहीत नसते.

तरीही माझे मत थोडे निराळे आहे. गाळा जाडीच्या तिसेक पट, स्किन पातळ, भार पसरलेला: आपल्या उदाहरणासारख्या पॅनेलात हे सगळे सिद्धांत जवळपास एकच वाक सांगतात. ॲलनची बेरीजही तेच सांगते. संगणकावरचे फायनाइट एलिमेंट मॉडेलही तेच सांगते, कारण त्यातही गाभ्याचे मॉड्युलस तेच घातलेले असते. फरक पडतो तो स्किन जाड असताना, गाभा अगदी मऊ असताना, किंवा भार एका बिंदूवर असताना. शेवटची परिस्थिती खरी बोचरी आहे. पॅनेलावर कुणी टाच रोवली, किंवा टेकूची कड अरुंद असली, की वरची स्किन गाभ्यात रुतते. गाभा जाडीच्या दिशेने दबतो. हे दबणे ना बेंडिंगमध्ये येते ना शिअरमध्ये. हैफाच्या टेक्नियनमधल्या फ्रॉस्टिग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेला सिद्धांत नेमका यासाठी आहे: त्यात वरच्या आणि खालच्या स्किनला वेगवेगळे वाकायची मुभा असते. चाचणीतही हाच फसवा भाग. भार देणाऱ्या दांड्याची हालचाल मोजली तर त्यात हे रुतणेही मोजले जाते. खालच्या स्किनवर गेज लावले तर खरा वाक कळतो.

टेकूंकडे येऊ. हिशेबात 'साधा टेकू' आणि 'घट्ट धरलेले टोक' या दोन टोकांच्या कल्पना आहेत. पूर्ण घट्ट धरल्यावर पसरलेल्या भाराचे बेंडिंग पाचपट कमी होते. शिअर तसूभरही घटत नाही. आपले पॅनेल तसे धरले तर बेंडिंग ०.६४, शिअर ०.६८: निम्म्याहून जास्त वाक शिअरचा. ज्याने घट्ट टेकू धरून फक्त बेंडिंग मोजले त्याचे उत्तर निम्म्याने चुकले, आणि चुकले ते धोक्याच्या बाजूला. शिवाय प्रत्यक्षात पूर्ण घट्ट टोक जवळपास नसतेच. बोल्टखालचा फोम दबतो, चिकटवलेली कड थोडी फिरते. म्हणून कडेला भरीव लॅमिनेट किंवा भरलेला गाभा घालायची रीत आहे. चारही बाजूंनी टेकवलेले चौरस पॅनेल तुळईसारखे मोजले की चूक उलट दिशेला, सुरक्षित बाजूला होते. बेंडिंग एक तृतीयांशाच्याही खाली येते, शिअर साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. एकूण वाक १.३ ते १.४ मिलिमीटर, पण त्यात शिअरचा वाटा १८ वरून तीस टक्क्यांपर्यंत चढलेला. टेकू वाढवत गेलो की वाक घटतो आणि उरलेल्या वाकात गाभ्याचा हिस्सा वाढतो.

मग गाभ्याचा आकडा आणायचा कुठून? कंपनीच्या तक्त्यातला आकडा नाममात्र असतो, किमान नव्हे. डिझाइनला किमान घ्यावा. हनीकोंब असेल तर दिशा विचारावी. पट्टीच्या दिशेने त्याचे शिअर मॉड्युलस आडव्या दिशेपेक्षा बरेचदा दुपटीच्या आसपास असते, म्हणजे शीट नव्वद अंशांत फिरवून ठेवले तर शिअरचा वाक दुप्पट. हे कारखान्यात होते, कारण कापलेल्या तुकड्यावर दिशा लिहिलेली नसते. गाभ्याची थेट शिअर चाचणी एएसटीएम सी २७३ मध्ये आहे. पण मला जास्त भरवशाचा वाटतो तो तयार पॅनेलाच्याच पट्ट्या वाकवण्याचा मार्ग. एएसटीएम डी ७२५० यासाठीच आहे. त्याच पॅनेलाच्या पट्ट्या वेगवेगळ्या गाळ्यांवर मधोमध भार देऊन वाकवायच्या. वाकाला भार आणि गाळा यांच्या गुणाकाराने भागायचे आणि ते गाळ्याच्या वर्गासमोर आलेखावर मांडायचे. बिंदू सरळ रेषेत येतात. रेषेचा चढ बेंडिंगचा ताठपणा देतो, आणि रेषा उभ्या अक्षाला छेदते तिथे शिअरचा. खबरदारी एवढीच की गाळे एकमेकांपासून पुरेसे वेगळे हवेत. जवळजवळचे दोन गाळे घेतले तर मोजमापातली बारीक चूक शिअरच्या आकड्यात फुगून येते.

स्किनच्या आकड्याबद्दल थोडक्यात. हाताने घातलेल्या चॉप्ड स्ट्रँड मॅटचे मॉड्युलस ७-८ गिगापास्कल असते. विणलेल्या कापडाचे इन्फ्युजन नीट केले तर २० च्या आसपास. आपल्या पॅनेलात २० च्या जागी ७ आले की बेंडिंग ३.२ वरून ९.१ होते. हा फरक ड्रॉइंगवर दिसत नाही, तो शॉपफ्लोअरवर घडतो.

वेळ हा घटक फोममध्ये वेगळाच हिशेब मागतो. कायम भाराखाली गाभ्याचा शिअर हळूहळू वाढत राहतो. स्किन तशीच राहते. पत्र्याच्या स्किनच्या पॅनेलांसाठीचे युरोपीय मानक ईएन १४५०९ यासाठी दोन मुदती धरते: बर्फासारख्या भारासाठी २,००० तास आणि कायम भारासाठी १,००,००० तास, म्हणजे साडेअकरा वर्षे. आपल्या मैदानी भागाला बर्फाचा प्रश्न नाही, पण शीतगृहाच्या टांगत्या छतावर पाइप आणि केबल ट्रे ठेवले की दुसरी मुदत लागू होते. छपरावरच्या पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोमच्या, पॅनेलाचा वरचा पत्रा घड्यांचा असतो, आणि तिथे एक वेगळाच व्यवहार घडतो: गाभा सैलावत जातो तसा भार घड्यांच्या पत्र्याकडे सरकत जातो. म्हणजे पत्र्यातला ताण वर्षांगणिक वाढत जातो, बाहेरून भार काहीच वाढलेला नसताना.

आणि शेवटी ऊन. इथे भार शून्य असतानाही वाक येतो. ४ मीटर लांबीचे, दोन पोलादी पत्र्यांत ८० मिलिमीटर अंतर असलेले पॅनेल घ्या. बाहेरचा पत्रा आतल्यापेक्षा ४० अंशांनी गरम झाला तर ते मधोमध १२ मिलिमीटर बाहेर फुगते. आत उणे २०, बाहेर ४० अशा गोठणखोलीच्या भिंतीत १८ मिलिमीटर. एकाच गाळ्यात हा फुगवटा गाभ्यावर अवलंबून नसतो आणि तो सहसा निरुपद्रवी असतो. दाराची चौकट घासते, सांधा उघडतो, एवढेच.

मध्ये तिसरा टेकू आला की चित्र पालटते. उन्हाने बाहेर फुगू पाहणाऱ्या पॅनेलाला मधले स्क्रू आत ओढून धरतात, आणि बाहेरचा तापलेला पत्रा त्या टेकूवर दाबाखाली येतो. ४-४ मीटरचे दोन गाळे आणि ४० अंशांचा फरक असताना शिअर न धरता केलेला हिशेब पत्र्यात सुमारे ७६ मेगापास्कल दाब सांगतो. सपाट पत्रा फोमवर सुरकुतून बसण्याची मर्यादा, होफ आणि माउटनर यांच्या १९४५ च्या सूत्रातला अर्ध्याचा गुणक आणि मऊ पॉलियुरेथेनचे आकडे घेऊन, सुमारे ७३ येते. म्हणजे पॅनेल कागदावर सुरकुतलेलेच. पण गाभ्याचा शिअर धरला की मधल्या टेकूवरचे बेंडिंग पाचव्या हिश्श्याने उतरते आणि दाब ६० वर येतो: सगळीकडे वाक वाढवणारा मऊ फोम इथे पॅनेल वाचवतो. मात्र पत्रा गडद रंगाचा असेल तर युरोपीय मानक त्याचे तापमान उन्हाळ्यात ८० अंश धरायला सांगते. आत २५ अंश असतील तर फरक ५५ चा होतो, आणि शिअर धरूनही दाब ८२ मेगापास्कलवर जातो. तिथे एक तर रंग फिका घ्यावा लागतो, किंवा मधल्या टेकूवर पॅनेल कापून दोन वेगळे गाळे करावे लागतात. मग सुरकुतीची भीती जाते आणि प्रत्येक गाळ्याचा वाक, बेंडिंग आणि शिअर धरून, पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागतो.